पन्नास वाचक, पंच्याहत्तर अंक

दसरा जवळ आला की गावोगावच्या वाचनालयांच्या दाराशी फळा लागतो: ‘दिवाळी अंक योजना सुरू. नावे नोंदवा.’ एक ठरावीक वर्गणी भरायची आणि दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत जमतील तेवढे अंक घरी नेऊन वाचायचे, एवढीच ही योजना. वाचणाऱ्याला ती सोपी वाटते. टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्याला मात्र ती जुलैपासून पुरते.

आपल्या गावात किंवा वसाहतीत एखादं लहान वाचनालय आहे, दोन-तीन हजार पुस्तकं, संध्याकाळी तीन तास बसणारा एक ग्रंथपाल आणि कार्यकारी मंडळातली चार उत्साही माणसं आहेत, आणि यंदा ही योजना पहिल्यांदाच चालवायची आहे, असं धरून पुढचं सगळं सांगतो.

दिवाळी अंकाची सुरुवात १९०९ सालची. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने त्या वर्षी दिवाळीचा खास अंक काढला आणि फराळाबरोबर वाचायलाही काहीतरी हवं ही सवय मराठी घरांना लागली. आज दर वर्षी शेकड्यांनी अंक निघतात आणि एकेकाची किंमत सहज तीनशेच्या घरात जाते. घरात दोन-तीन अंक विकत घेतले की हात आखडतो. वाचनालयाची योजना उभी राहते ती इथे.

आधी गणित, मग उत्साह

पहिला हिशेब दिवसांचा. कार्तिक शुद्ध प्रतिपदा म्हणजे बलिप्रतिपदा, तिथपासून चैत्र शुद्ध प्रतिपदा म्हणजे गुढीपाडव्यापर्यंत पाच चांद्रमास होतात, साधारण १४८ दिवस. योजनेचं आयुष्य तेवढंच. एप्रिलमध्ये दिवाळी अंकाला कोणी हात लावत नाही, म्हणून मुदत वाढवून काही साधत नाही.

दुसरा हिशेब परतीचा. सभासदाने एक अंक सरासरी पाच दिवस ठेवला, तर १४८ दिवसांत त्याचे सुमारे २९ अंक वाचून होतात. तोच अंक दहा दिवस ठेवला, तर १४ वर गाडी थांबते. वाचनालयाने तेवढेच अंक आणले, तेवढाच खर्च केला, आणि तरी वाचकाच्या पदरात निम्मंच पडलं. म्हणून मंडळाच्या बैठकीत ‘यंदा शंभर अंक आणू’ असं कोणी म्हणालं की आधी विचारावं, किती दिवसांत परत घेणार?

तिसरा हिशेब संख्येचा, आणि इथेच नवखी वाचनालयं फसतात. पन्नास सभासद घेतले आणि पन्नास अंक आणले तर वरवर जमलेलं दिसतं. पण पन्नासही अंक घरोघरी गेले की मांडणी रिकामी. एकावन्नावा माणूस सोडाच, पहिलाच अंक परत घेऊन आला तर त्याला देण्यासाठी त्यानेच आणलेला अंक उरतो. निवड करता यायला हवी असेल, तर एका वेळी बाहेर जाणाऱ्या अंकांच्या किमान दीडपट प्रती हव्यात. पन्नास सभासद, प्रत्येकी एक अंक, म्हणजे पंच्याहत्तर प्रती. एका वेळी दोन अंक द्यायचे ठरवलं तर दीडशे. पहिल्या वर्षी एकच द्यावा.

आता पैसे. अंकाची सरासरी किंमत तीनशे आणि विक्रेत्याने वीस टक्के सवलत दिली असं धरू. एक प्रत २४० रुपयांना पडते, पंच्याहत्तर प्रतींचे १८,००० रुपये. कव्हरं, पावतीपुस्तक, छापील याद्या यांचे हजारभर. एकूण १९,०००. वर्गणी माणशी तीनशे ठेवली तर जमा १५,०००. चार हजारांची तूट दिसते. ती पाडव्यानंतर अंक विकून बहुतेक भरून निघते, त्याकडे शेवटी येऊ. आपल्याकडचे आकडे वेगळे असतील, पण मांडणी अशीच करावी आणि ती बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवावी. तोंडी ठरलेली वर्गणी पुढच्या वर्षी प्रत्येकाला वेगळी आठवते.

नोंदणी, वर्गणी आणि अनामत

नोंदणी गणपतीनंतर सुरू करावी आणि दसऱ्याला बंद करावी. बंद म्हणजे बंद. दिवाळीनंतर ‘आमच्या मेहुण्यांनाही घ्या’ असं म्हणणाऱ्यांची रांग लागते. प्रत्येक नव्या नावाबरोबर आधीच्या पन्नास जणांचा वाटा थोडा घटतो, हे त्यांना नम्रपणे सांगावं. फारच आग्रह झाला तर जानेवारीपासून अर्ध्या वर्गणीत घ्यावं, तेव्हा गर्दी आपोआप ओसरलेली असते.

वर्गणी आणि अनामत या दोन वेगळ्या रकमा आहेत. वर्गणी म्हणजे वाचनाचा मोबदला, ती परत मिळत नाही. अनामत म्हणजे अंक हरवला-फाटला तर भरपाई व्हावी म्हणून ठेवून घेतलेली रक्कम. योजना संपली की ती परत द्यायची असते. अनामत एका अंकाच्या सरासरी किमतीएवढी ठेवावी.

चूक होते ती अशी: वर्गणी आणि अनामत एकाच पावतीवर, एकाच रकमेत लिहिली जाते आणि सगळे पैसे अंकखरेदीत जातात. पाडव्याला पन्नास माणसं अनामत मागायला येतात तेव्हा तिजोरीत काही नसतं. पावतीवर दोन वेगळ्या ओळी घालाव्यात. किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, अनामतीचा वेगळा रकाना ठेवावा आणि ती रक्कम बँकेतून हलवूच नये. ते पैसे आपले नाहीत, आपल्याकडे ठेवायला दिलेले आहेत. वाचनालय शासनमान्य असेल आणि अनुदान घेत असेल, तर लेखापरीक्षकही आधी हाच रकाना बघतो.

वाचनालयाचे नेहमीचे सभासद असतील त्यांची जुनी अनामत चालू धरावी. त्यांच्याकडून पुन्हा घेतली तर वाद होतो, आणि तो रास्त असतो.

कोणते अंक आणावेत

अंकांची निवड एका माणसावर सोडू नये. साहित्यप्रेमी अध्यक्ष असतील तर पंच्याहत्तरांपैकी साठ अंक वैचारिक येतात आणि जानेवारीत मांडणीवर कोरे करकरीत पडून राहतात. उलट फक्त ‘चालणारे’ अंक घेतले तर चांगला वाचक दुसऱ्या महिन्यात यायचा थांबतो.

सभासदांच्या घरात कोण कोण आहे ते नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावं. एका कार्डावर चार जण वाचतात. आजोबांना ‘मौज’ किंवा ‘अक्षर’, घरातल्या कोणाला ‘माहेर’ किंवा ‘मेनका’, कॉलेजातल्या मुलाला ‘धनंजय’मधल्या रहस्यकथा, धाकटीला बालभारतीचा ‘किशोर’, आणि वार्षिक राशिभविष्य तर सगळ्यांनाच हवं असतं, फक्त मागताना ‘सासूबाईंसाठी’ असं म्हटलं जातं. विनोदी अंक, आरोग्याचे, पाककृतींचे, वृत्तपत्रांचे, जिल्ह्यातून निघणारे असे गट पाडावेत आणि प्रत्येक गटातून थोडे थोडे घ्यावेत.

पंच्याहत्तर प्रती म्हणजे पंच्याहत्तर वेगवेगळे अंक नव्हेत. साठ वेगळे अंक घ्यावेत आणि ज्यांच्यावर उड्या पडणार हे ठाऊक आहे अशा पंधरांच्या दोन-दोन प्रती. कोणते पंधरा हे ओळखायला पहिल्या वर्षी शेजारच्या गावच्या ग्रंथपालाला फोन करावा. दहा-बारा वर्षं योजना चालवलेला माणूस ही यादी तोंडपाठ सांगतो, आणि विचारलं की खूषही होतो.

भेट म्हणून येणाऱ्या अंकांबद्दल एक सूचना. स्थानिक संस्था, पतपेढ्या, पुढारी मंडळी आपापले अंक फुकट देतात. ते आनंदाने घ्यावेत, मांडणीवर ठेवावेत, पण पंच्याहत्तरांत मोजू नयेत. शुभेच्छांच्या जाहिरातींमधून दोन कथा शोधाव्या लागतात असा अंक सभासदाच्या हाती ठेवून त्याचा पाळीचा अंक झाला म्हणणं अप्रामाणिकपणाचं आहे.

मागणी आणि वाट पाहणं

अंक मिळतात मुख्यतः वृत्तपत्र विक्रेत्याकडे, पुस्तकांच्या दुकानात किंवा थेट प्रकाशकाकडे. लहान वाचनालयाला गावातलाच विक्रेता सोयीचा. सवलत थोडी कमी मिळेल, पण एखादा अंक खराब निघाला तर बदलून देणारा माणूस समोर असतो. प्रकाशकाकडून थेट मागवताना टपालखर्च कोणाचा हे आधी विचारावं. सवलतीत वाचलेलं तिकडे जातं.

सगळे अंक दिवाळीला येतील अशी आशा धरू नये. काही दसऱ्यालाच बाजारात येतात, बरेचसे वसुबारसेच्या आगेमागे, आणि काही नावाजलेले अंक तुळशीच्या लग्नापर्यंत उगवत नाहीत. म्हणून पैसे एकदम देऊ नयेत. पहिल्या टप्प्यात पन्नास प्रती घ्याव्यात, उरलेल्या पंचवीस नंतर. यात आणखी एक सोय आहे. दिवाळीनंतर आठवडाभरात कोणता अंक यंदा चांगला झाला याची चर्चा सुरू होते आणि दुसऱ्या टप्प्यात त्याची जास्तीची प्रत घेता येते.

उशिरा येणाऱ्या अंकांची नावं फळ्यावर लिहून ठेवावीत. नाहीतर ‘मंडळाने आधी घरी नेला असेल’ अशी कुजबुज सुरू होते. फळ्यावरच्या चार ओळींनी ती थांबते.

अंक आल्यावरचा एक दिवस

अंक आले की लगेच वाटायला काढू नयेत. एक पूर्ण दिवस, शक्य तर दोन माणसं, एवढं काम असतं.

प्रथम प्रत्येक अंक पानन्‌पान उलटून बघावा. छपाईत फॉर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, कधी गळतो तर कधी दोनदा लागतो. कथेचा शेवट गायब असलेला अंक सभासदाने आणून दाखवेपर्यंत विक्रेत्याकडच्या प्रती संपलेल्या असतात.

मग शिवण. पुष्कळ अंकांची पाठ नुसती डिंकाने चिकटवलेली असते. पंधरा-वीस घरं फिरायची म्हटल्यावर ती टिकत नाही. दाभणाने कडेला तीन भोकं पाडून जाड दोऱ्याचे टाके घालावेत. टाका मजकुरापासून लांब, अगदी काठाला असावा. त्यावर पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर. खाकी कव्हर घालू नये. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ झाकलं तर निम्मे वाचक तो उचलणारच नाहीत.

शिक्का आतल्या पानावर, मुखपृष्ठावर नको, आणि चित्रावर तर नकोच. सगळ्या अंकांत शिक्क्याचं पान एकच ठरवावं, उदाहरणार्थ पान २१. अंक परत आला की ते पान जागेवर आहे का एवढं बघितलं की पुरतं.

‘आवाज’सारख्या अंकांकडे जरा जास्त लक्ष द्यावं लागतं. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या या विनोदी अंकाची खासियत म्हणजे खिडकीचित्रं. वरच्या पानाला कापलेली खिडकी असते, ती उघडली की खालच्या चित्राचा अर्थ बदलतो. ती खिडकी पन्नास हातांनी उघडली जाते आणि पौषापर्यंत तुटून पडते. तिच्या बिजागरीच्या बाजूने मागून पातळ चिकटपट्टी आधीच लावून ठेवावी. समोरून लावली तर चित्र चकाकतं आणि गंमत जाते.

अंकाबरोबर मोफत पुरवणी, दिनदर्शिका किंवा पाककृतींची चिमुकली पुस्तिका आली असेल तर ती सुटी ठेवू नये. एकतर आत टाचावी, नाहीतर वाचनालयात बसून वाचण्यासाठी वेगळी काढावी. सुटी पुरवणी पहिल्याच घरी राहते आणि पुढे प्रत्येक सभासद शपथेवर सांगतो की आपल्या वेळी ती नव्हतीच. खरं तर सगळे खरंच बोलत असतात, पहिला सोडून.

नोंद कशी ठेवावी

वाचनालयाची पुस्तकं दाखल नोंदवहीत चढतात, म्हणजे त्या कायमच्या वहीत जिथे प्रत्येक पुस्तकाला एक न बदलणारा क्रमांक मिळतो. दिवाळी अंक तिथे घालू नयेत. ते नियतकालिक आहेत आणि पाच महिन्यांनी त्यातले बहुतेक जाणार आहेत. दाखल नोंदवहीतून एखादी वस्तू कमी करायची म्हणजे निर्लेखन करावं लागतं, त्यासाठी मंडळाचा ठराव आणि कागदपत्रं लागतात. योजनेसाठी वेगळी साधी वही करावी आणि अंकांना दि-१, दि-२ असे क्रमांक द्यावेत. अनुदानाच्या पैशातून काही अंक घेतले असतील तर त्यांची नोंद निराळी ठेवावी आणि ते शेवटच्या विक्रीत घेऊ नयेत.

वहीत प्रत्येक अंकाला एक पान: सभासद क्रमांक, नेल्याची तारीख, परतीची तारीख. तीन रकाने पुरतात. संगणकावर ‘ई-ग्रंथालय’ किंवा ‘कोहा’सारखी प्रणाली आधीच असेल तर तीत नोंदवावं. पण पंच्याहत्तर अंकांसाठी मुद्दाम नवी प्रणाली शिकायला घेऊ नये, आणि दिवाळीच्या आठवड्यात तर मुळीच नको.

दुसरी वस्तू म्हणजे छापील यादी. सर्व अंकांची नावं आणि क्रमांक एका कागदावर छापून प्रत्येक सभासदाला एक प्रत द्यावी. वाचलेल्या अंकापुढे तो खूण करतो, हव्या असलेल्यापुढे गोल. संध्याकाळच्या गर्दीत ‘हा मी वाचलाय का हो?’ या प्रश्नाला उत्तर देण्यात ग्रंथपालाची दहा-दहा मिनिटं जातात. ती या कागदामुळे वाचतात. पन्नास कागदांचा खर्च तो किती!

पहिला दिवस

योजनेचं नाव राहतं किंवा जातं ते पहिल्या दिवशी. पन्नास माणसं एकाच वेळी येतात आणि सगळ्यांना तेच पंधरा अंक हवे असतात.

आधी आला त्याला आधी, हा नियम सरळ वाटतो. पण त्यात नोकरी करून सातला घरी पोचणारी बाई दर वर्षी मागे पडते. त्यापेक्षा चिठ्ठ्या टाकाव्यात. सभासद क्रमांकांच्या चिठ्ठ्या एका डब्यात घालून लहान मुलाकडून काढून घ्याव्यात. ज्याचा क्रमांक आधी त्याने आधी निवडावं. हजर नसलेल्याने आपल्या पसंतीचे पाच अंक लिहून दिलेले असावेत. त्याच्या पाळीला त्यातला जो शिल्लक असेल तो बाजूला काढावा.

टेबलाखाली काहीही ठेवू नये. मंडळाच्या सदस्यांसाठी, देणगीदारांसाठी, ‘साहेबांसाठी’ काढून ठेवलेला एक अंक पन्नास जणांना दिसतो. तो दिसला नाही तरी कळतो.

दिवाळीच्या मुख्य दिवसांत वाचनालय बंद असतं आणि वाचायला वेळ नेमका तेव्हाच असतो. दिवाळी पाडव्याच्या सकाळी तासभर उघडता आलं तर पाहावं. लक्ष्मीपूजनाला मात्र कोणाला बोलावू नये, यायचंही कोणी नाही.

अंक फिरत राहतो तो कसा

पहिले चार आठवडे परतीची मुदत तीन दिवसांची ठेवावी, नंतर पाच, आणि संक्रांतीनंतर आठ. सुरुवातीलाच आठवड्याची मुदत दिली की तीच अंगवळणी पडते.

उशिराचा दंड ठेवावा, पण दंडावर भिस्त नको. दिवसाला दोन रुपये दंड असेल तर काही जण तो आनंदाने भरतात आणि अंक पंधरा दिवस वापरतात. दंडापेक्षा मागणी-नोंद जास्त चालते. हव्या असलेल्या अंकापुढे पुढच्या वाचकाने आपला क्रमांक लिहून ठेवायचा. मग उशीर करणाऱ्याला ग्रंथपालाने ‘तुमचा दंड झाला’ असं म्हणण्याऐवजी ‘काका, दि-१४ साठी तिघं थांबलेत’ असं सांगावं. कोण थांबलंय ते सांगू नये. गाव लहान असतं.

आठवण देण्यासाठी मोबाइलवरचा समूह सोयीचा असला तरी त्यात उशीर करणाऱ्यांची नावं टाकू नयेत. एकेकट्याला निरोप पाठवावा. समूहावर फक्त आज परत आलेल्या अंकांची यादी असावी. तीच बघून माणसं येतात.

अंक हरवण्याचं सर्वांत मोठं कारण चोरी नसून परस्पर अदलाबदल आहे. जोशीकाकूंनी आपला अंक वाचून समोरच्या घरी दिला, त्यांच्याकडचा घेतला, आणि वाचनालयाची खेप वाचवली. हेतू चांगला, पण वहीत अंक काकूंच्या नावावर आहे आणि तो आता तिसऱ्याच घरात आहे. नोंदणीच्या वेळी हा एक नियम मोठ्या अक्षरांत सांगावा: अंक बदलायचा तो टेबलावरूनच.

जिना न चढू शकणाऱ्या ज्येष्ठांसाठी घरपोच सेवा करता येते. आठवड्यातला एक वार ठरवावा, एक मुलगा किंवा मुलगी, एक पिशवी, आणि पिशवीत निवडीसाठी तीन-चार अंक. ज्याने यादीत गोल केलेत त्यातलेच न्यावेत. हे काम फुकट करून घेऊ नये, जाण्यायेण्याचे थोडे पैसे द्यावेत. फुकटची सेवा परीक्षा जवळ आल्या की बंद पडते.

आणखी एक मागणी हल्ली हमखास येते: ‘एवढी वाट कशाला, मोबाइलवर फाइल आली आहे, तीच समूहावर टाका.’ अशा फाइली बहुधा प्रकाशकाच्या परवानगीशिवाय केलेल्या असतात. वाचनालयाने त्या फिरवू नयेत. कॉपीराइटचा कायदा आहेच, शिवाय ज्याचा अंक आपण पुढच्या वर्षी मागवणार त्याच्याच पोटावर पाय येतो. काही अंक प्रकाशक स्वतःहून इंटरनेटवर मोफत किंवा अल्प किमतीत देतात. त्यांचा पत्ता फळ्यावर लिहायला काहीच हरकत नाही, परगावी किंवा परदेशी गेलेल्या मुलांना तो कळवणारे सभासद निघतात.

जानेवारीतली मरगळ

डिसेंबर सरेपर्यंत योजना स्वतःच्या बळावर चालते. मग चांगले अंक सगळ्यांचे वाचून होतात, लग्नसराई लागते आणि मांडणीवर तीस-चाळीस अंक दिसायला लागतात. पुष्कळ वाचनालयं इथेच योजना संपली असं मानतात. अजून दोन-अडीच महिने बाकी असतात.

इथे एखादा लहान कार्यक्रम कामाला येतो. १४ ते २८ जानेवारी हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो. एका संध्याकाळी दहा सभासदांनी प्रत्येकी पाच मिनिटं, यंदाच्या अंकांतली आवडलेली एक कथा किंवा लेख, एवढंच सांगावं. पाहुणा नको, हारतुरे नकोत, माइकचीही गरज नाही. ज्या अंकाबद्दल कोणी आपुलकीने बोलतं तो दुसऱ्या दिवशी मांडणीवरून जातो. संपूर्ण कथेचं अभिवाचन, म्हणजे प्रेक्षकांसमोर मोठ्याने वाचन, करायचं असेल तर लेखकाची परवानगी घ्यावी. लेखक बहुधा आनंदाने देतात, कारण अंकात छापून आल्यावर कोणी वाचलं का हे त्यांना क्वचितच कळतं.

मुलांच्या अंकांची वेगळी पेटी करून जवळच्या शाळेत महिनाभर ठेवावी. पेटीतून पुस्तकं फिरवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला आणून ग्रंथालयांची व्यवस्था लावली, तेव्हा लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेड्यापाड्यांत जात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातही पेट्याच फिरतात. शाळेत पेटी देताना यादी आत चिकटवावी आणि ती एका शिक्षकाच्या नावावर द्यावी. ‘शाळेच्या’ नावावर दिलेली पेटी कोणाचीच नसते.

पाडव्याला काय करायचं

शेवटची तारीख फाल्गुनातच ठेवावी, पाडव्याच्या आठ दिवस आधी. ते आठ दिवस मोजणीला लागतात. वहीतल्या पानांवरून कोणता अंक किती घरी गेला ते मोजावं. दि-७ वीस वेळा गेला आणि दि-३२ दोनदाच, हे आकडे पुढच्या वर्षीच्या निवडीच्या बैठकीत कोणाच्याही आवाजापेक्षा जास्त बोलतात.

हरवलेल्या अंकाची भरपाई छापील किमतीने घ्यावी आणि ती अनामतीतून वळती करून पावती द्यावी. फाटलेल्या पानांसाठी मात्र सैल राहावं. वीस घरं फिरलेला अंक थोडा फाटणारच, आणि तो नेमका कोणाच्या घरी फाटला हे सिद्ध करायला बसलो तर सभासद जातो.

आता कोणते अंक ठेवायचे? सगळे ठेवले तर पाच वर्षांत कपाट भरतं आणि कसर लागते. आपल्या गावाबद्दल, जिल्ह्याबद्दल मजकूर असलेला अंक, गावातल्या कोणाची कथा-कविता आलेला अंक, आणि एखाद्या नावाजलेल्या अंकाचे मागचे सलग संच असतील तर त्या अंकाची यंदाची प्रत, एवढं राखावं. हे रीतसर बांधून घ्यावेत आणि तेव्हा त्यांची कायमची नोंद करावी. असे अंक पुढे संशोधक शोधत येतात.

बाकीचे विकावेत. सभासदांना प्रथम संधी, अंकाला साठ रुपये धरले आणि साठ अंक गेले तर ३,६०० रुपये येतात. सुरुवातीला दिसलेली चार हजारांची तूट चारशेवर येते. तेवढी वाचनालयाने सोसावी. विक्रीतून उरलेले अंक दवाखान्याच्या बाकाजवळ, एसटीच्या विश्रांतिगृहात, परराज्यातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळात जाऊ शकतात. तिथे ते जून महिन्यातही वाचले जातात.

अनामत परत देताना मूळ पावती मागून घ्यावी, तिच्यावर सही घ्यावी आणि न आलेल्यांची रक्कम त्यांच्या नावे तशीच ठेवावी. काही जण ती पुढच्या वर्षासाठी ठेवायला सांगतात, त्यांचं तसं लेखी घ्यावं.

विक्रीला काढण्याआधी पान २१ वरच्या शिक्क्यावर ‘रद्द’ असा दुसरा शिक्का न विसरता मारावा. नाहीतर श्रावणात माळा आवरताना कोणाला तरी तो अंक सापडतो, ‘राहून गेला होता’ असं म्हणत ते ओशाळून परत घेऊन येतात, वर दंड द्यायलाही तयार असतात, आणि आपल्याच विकलेल्या अंकाचा दंड घ्यायचा की नाही या पेचात ग्रंथपाल पडतो.